मेमरी मिळतेय तोवर बसवून घे

अगं, परवाच्या कार्यक्रमात ढोलकीचे बोल ऐकले आणि जीव सुखावला. एकेक बोल स्वतः रेकॉर्ड करून तू मोटिफ एक्सएफमध्ये चढवलास, हे मला ठाऊक आहे. पण आवरताना म्हणालीस, "ताई, उद्या परत सगळं लोड करायचं." तेव्हापासून मनात घोळतंय, म्हणून बोलते.

तुझे बोल सध्या कीबोर्डच्या मूळ 128 एमबी रॅममध्ये आहेत. स्टिरिओ आवाजाला मिनिटाला साधारण 10 एमबी लागतात, म्हणजे जेमतेम बारा मिनिटांची जागा. आणि बटण बंद केलं की सगळं पुसलं जातं. माझ्या जुन्या कीबोर्डचंही तसंच होतं. गणपतीत ऐन लावणीच्या वेळी लाइट गेली. जनरेटर लगेच सुरू झाला, पण टोन परत चढेपर्यंत गायिका माइक धरून ताटकळली. पुढे मेमरी वाढवायची ठरवली, तर त्या जातीची रॅम दुकानांतून नाहीशी झालेली. तुझ्यावर ती वेळ येऊ नये.

तुझ्या कीबोर्डला फ्लॅश बोर्डाच्या दोन जागा आहेत. एफएल 512 एम किंवा एफएल 1024 एम हेच बोर्ड बसतात, दोन मोठे लावले तर 2 जीबी. फ्लॅशमधलं वीज गेली तरी राहतं. पण 2016 साली आलेल्या मोंटाज कीबोर्डमध्ये ही मेमरी आतच दिली आणि हे सुटे बोर्ड मागे पडले. आता मिळतात ते बहुधा जुनेच. टायरॉस 4, टायरॉस 5 आणि एमओएक्सएफवालेही तेच शोधतात. म्हणून "सीझन संपू दे" म्हणू नकोस. घेताना बोर्डावरचा नंबर स्वतः वाच आणि शक्यतो विकणाऱ्याच्या कीबोर्डवर चालवून बघ.

बसवण्याआधी सगळे टोन पेन ड्राइव्हवर घे. वायर काढ, कीबोर्ड थंड होऊ दे, धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरव. स्क्रू वाटीत ठेव, एकही आत पडता कामा नये. बोर्ड बसला की आधी फॉरमॅट, मगच टोन चढवायचे.

ढोलकीच्या त्या बोलांमागे तुझ्या किती रात्री गेल्या, ते मी पाहिलंय. बोर्ड हाती आला की शनिवारी माझ्याकडे ये. झाकण आपण दोघी मिळून उघडू.