कंटेनरला पडवी जोडताना आधी वाऱ्याचा हिशेब

जुना २० फुटी कंटेनर शेतात आणून त्यात खते, मोटर, फवारणीचे पंप ठेवायचे आणि बाजूला ट्रॅक्टरसाठी पत्र्याची एकपाखी पडवी काढायची, ही सोय चांगली आहे. चोरीची धास्ती कमी होते, ठिबकच्या नळ्यांची वेटोळी उन्हातून वाचतात. पण रावेर-यावल पट्ट्यात मे-जूनच्या वादळाने केळीच्या बागा आडव्या होतात, तेव्हा शेडचे पत्रेही उडतात. उडता पत्रा माणूस पाहत नाही, जनावर पाहत नाही. म्हणून पत्र्याच्या वजनाआधी वाऱ्याच्या उचलीचा विचार करा.

२० बाय १० फुटांची पडवी म्हणजे सुमारे साडेअठरा चौरस मीटर. ताशी १०० किलोमीटरचा वारा चौरस मीटरला ४५ ते ५० किलोचा दाब देतो. तीन बाजूंनी उघड्या छपराखाली तो शिरला की ८००-९०० किलोची उचल बसू शकते. पत्रे आणि पाइप मिळून भरतात जेमतेम दोन-तीनशे किलो. वर दगड किंवा वाळूची पोती ठेवून हे भागत नाही, उलट वादळात तेच दगड खाली येतात. प्रत्येक पत्रा आडव्या पाइपला जे-हुक किंवा रबर वॉशरच्या स्क्रूने आवळा, कडेच्या ओळीत स्क्रू दाट ठेवा.

कंटेनरची ताकद चार कोपऱ्यांच्या खांबांत आणि वरखालच्या चौकटीत असते. नालीदार भिंत जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची. तिला थेट पाइप वेल्ड केला तर वाऱ्याच्या हिसक्याने ती फाटते, आणि रंग जळालेल्या जागी गंज धरतो. शक्यतो कंटेनरच्या बाजूलाही स्वतंत्र खांब उभे करा. खर्च थोडा वाढेल, पण उंची हवी तेवढी घेता येते. साधा कंटेनर साडेआठ फूट उंच असतो. तिथूनच एक फूट उतार दिला तर पुढची कड साडेसात फुटांवर येते आणि ट्रॅक्टरचा उभा सायलेन्सर अडकतो. वरची बाजू दहा, खालची पावणेनऊ फूट धरा. वरचा पत्रा कंटेनरवर फूटभर पुढे न्या; मधल्या फटीतून गरम हवा निघून जाते.

तापीकाठची काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात दीड-दोन फुटांवर रोवलेला खांब दोन वर्षांत कलतो. मुरूम लागेपर्यंत खणा. तो लवकर लागला तरी चार फुटांपेक्षा कमी नको. दीड बाय दीड फुटाचा, चार फूट खोल काँक्रीटचा ठोकळा सुमारे ६०० किलोचा होतो, आणि उचलीला खरा अटकाव तोच करतो. रिकामा कंटेनरही मुरमावरच्या काँक्रीटवर टेकवून चारही कोपऱ्यांना बांधा.

कंटेनरची पाठ पश्चिमेला आणि पडवी पूर्वेला ठेवली तर दुपारचे ऊन आणि पश्चिमेचा झोडपता पाऊस दोन्ही अडतात. आत वीज घेणार असाल तर अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच हवाच. लोखंडी घरात एक सोललेली वायर जीव घेते.

मृग ७ जूनच्या आसपास लागतो. काँक्रीटला ओले गोणपाट गुंडाळून किमान सात दिवस पाणी मारावे लागते, म्हणून शिरपूर, साक्री असो की चोपडा, खड्डे मेच्या दुसऱ्या आठवड्यातच खणून घ्या.