सिस्टर पुन्हा नाव का विचारतात?

वॉर्डात नव्याने रुजू झालेली सिस्टर प्रत्येक औषधापूर्वी रुग्णाचे नाव विचारते, केसपेपर पाहते. नातेवाईक वैतागतात, "सिस्टर, सकाळी तर विचारलंत ना!" पण तिने विचारलेच पाहिजे. रुग्ण, औषध, मात्रा, देण्याचा मार्ग आणि वेळ, या पाचही गोष्टी बरोबर आहेत ना, हे दरवेळी पाहण्याचे तिचे शिक्षणच असते.

खरी कसोटी इन्सुलिनची. आपल्याकडे बाटलीतील इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिट असते. १०० युनिटचेही मिळते. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची नारिंगी. १०० च्या बाटलीतून ४० च्या सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत औषध भरले, तर रुग्णाला तब्बल २५ युनिट जातात. रक्तातील साखर एकदम उतरते, घाम सुटतो, हातपाय थरथरतात, शुद्ध हरपते. जीवावरही बेतू शकते. म्हणून नवी सिस्टर बाटली व सिरिंज अनुभवी सिस्टरला दाखवून मगच टोचते. त्याला अज्ञान समजू नये.

ती औषध भरत असताना तिच्याशी बोलू नये. (डॉक्टरांनीसुद्धा!) आणि घरून आणलेल्या रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या उशीखाली न ठेवता दाखल होतानाच तिला दाखवाव्यात, नाहीतर तेच औषध दोनदा पोटात जाते.