बँड सॉ : आवाज कमी, धोका कमी नव्हे

सुतारकाम आणि फर्निचरच्या धंद्यातील आमच्या बांधवांच्या कारखान्यांत हातकरवतीचे बरेचसे काम आता मोटारीवर चालणारी यंत्रे करतात. त्यांत बँड सॉ, म्हणजे पट्टीची करवत, फार सोयीची. खुर्चीचा वळणदार पाय, पलंगाच्या डोक्याची कमान, जाड लाकडातून पातळ फळी ही सारी कामे एकाच यंत्रावर होतात. गोल करवत कधी कधी लाकूड उलटे अंगावर फेकते. बँड सॉ तसे सहसा करत नाही, कारण तिचे ब्लेड लाकडाला खाली टेबलावर दाबते. आवाजही त्या मानाने कमी. त्यामुळे कारागिराची भीती चार दिवसांत मोडते, आणि अपघाताची सुरुवात येथेच होते. म्हणून हे यंत्र सुरक्षितपणे कसे चालवावे ते आपण क्रमाने पाहू.

ब्लेडचा वेग

वर-खाली बसवलेल्या दोन चाकांवरून ब्लेडची अखंड पट्टी फिरते. १४ इंची चाक मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर ब्लेड सेकंदाला सुमारे १५ मीटर धावते. दचकून हात मागे घ्यायला पाव सेकंद लागतो असे धरले, तरी तेवढ्या वेळात पावणेचार मीटर ब्लेड बोटावरून गेलेले असते. म्हणजे "माझे लक्ष आहे, मी हात काढून घेईन" हा भरवसा खोटा आहे. हात ब्लेडच्या वाटेत येणारच नाही, अशी कामाची पद्धतच लावून घ्यावी लागते.

सुरू करण्यापूर्वी

ब्लेड बदलणे, ताण देणे, गाइड बसवणे यांपैकी काहीही करायचे असेल तर आधी प्लग काढावा. नुसते बटण बंद करून भागत नाही. दुसऱ्या कोणाचा हात त्यावर पडू शकतो.

ब्लेडचे दाते टेबलाकडे, म्हणजे खाली, तोंड करून असावेत. ताण दिल्यावर वरचे चाक हाताने फिरवून ब्लेड चाकावर सरळ चालते का, ते पाहावे. दोन्ही बाजूंचे गाइड ब्लेडपासून कागदाच्या जाडीइतके दूर असावेत. मागचा बेअरिंग ब्लेडला किंचित न लागता असावा. लाकूड पुढे रेटल्यावरच तो फिरला पाहिजे.

सांध्याकडे विशेष लक्ष द्यावे. या यंत्राचे पेटंट इंग्लंडमध्ये विल्यम न्यूबेरी यांनी १८०९ साली घेतले, परंतु पट्टीचा सांधा टिकत नसल्याने ते अनेक वर्षे व्यवहारात आले नाही. १८४६ मध्ये फ्रान्सच्या अॅन पॉलिन क्रेपिन यांनी सांधा जोडण्याची चांगली रीत काढली, तेव्हा कोठे मार्ग मोकळा झाला. सांध्याजवळ किंवा दात्यांच्या मुळाशी बारीक चीर दिसली तर "आजचा दिवस निघेल" म्हणून ते ब्लेड चालवू नये.

गार्ड खाली आणा

या लेखातील एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही. वरचा गाइड आणि त्याच्याबरोबरचा गार्ड लाकडाच्या वर सुमारे पाव इंच राहील इतका खाली आणावा. सकाळी सहा इंची लाकूड कापले आणि दुपारी एक इंची फळी आली, पण गार्ड तसाच वर राहिला, तर पाच इंच उघडे ब्लेड बोटांसमोर धावत असते. शिवाय आधार नसलेले ब्लेड वाकते, काप तिरपा जातो आणि माल वाया जातो.

नगावर मजुरी असली की कारागीर गार्ड वर करून ठेवतो, कारण त्याला वेळ वाचवायचा असतो. हिशेब करून पाहा. गार्ड खाली घ्यायला १० सेकंद लागतात. दिवसात ५० वेळा केले तरी नऊ मिनिटेही होत नाहीत.

काप घेताना

दोन्ही हात कापाच्या रेषेच्या दोन बाजूंना असावेत. अंगठा रेषेवर कधीच नको. शेवटचे चार इंच राहिले की हाताने ढकलू नये. टोकाला खाच असलेली लाकडी काठी वापरावी. ती भंगार तुकड्यातून फुकट तयार होते.

गोल लाकूड नुसते हाताने धरून कापू नये. ब्लेड ते गरकन फिरवते आणि हात ओढला जातो. व्ही आकाराची खाच पाडलेल्या ठोकळ्यात ते घट्ट बसवावे. कोणत्याही लाकडाची सपाट बाजूच टेबलावर टेकली पाहिजे.

वळण कापताना ब्लेडची रुंदी पाहावी. पाव इंची ब्लेड साधारण पाच अष्टमांश इंच त्रिज्येचे वळण घेते, अर्धा इंची ब्लेडला अडीच इंच त्रिज्या लागते. त्याहून लहान वळणात दामटले तर ब्लेड पिळवटते व तुटते. अशा वेळी बाहेरून वळणापर्यंत आधी छोटे छोटे काप द्यावेत. लाकूड अर्ध्यातून मागे घ्यायचे असेल तर यंत्र पूर्ण थांबवूनच घ्यावे. चालू यंत्रात मागे ओढल्यास ब्लेड चाकावरून उतरते.

बटण बंद केल्यावरही ब्लेड काही वेळ फिरत राहते, आणि तेव्हा ते जवळजवळ मुके असते. टेबलावरचा भुसा व तुकडे ते थांबल्यानंतर ब्रशने काढावेत. ब्लेड तुटून मोठा आवाज झाला तर बाजूला सरावे, वीज बंद करावी आणि चाके थांबेपर्यंत झाकण उघडू नये.

कपडे आणि भुसा

सैल बाह्या, गळ्यातील रुमाल, लोंबता ताईत, मनगटाचा धागा, अंगठी, कडे हे सर्व यंत्राजवळ नको. यंत्र चालू असताना हातमोजेही नकोत. ते ब्लेड उचलताना व गुंडाळताना वापरावेत. डोळ्यांना चष्मा आणि नाकावर मास्क असावा. लाकडाच्या धुळीने नाकाचा कर्करोग होऊ शकतो, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवले आहे.

वीज गेली तर

वीज गेली की कारागीर चहाला जातो आणि बटण चालूच राहते. वीज परत आली की यंत्र आपोआप सुरू होते. त्या क्षणी कोणी ब्लेडजवळ हात घातलेला असला तर? म्हणून साध्या स्विचऐवजी वीज जाताच स्वतः तुटणारा स्टार्टर बसवावा, आणि यंत्राला अर्थिंग हवेच.

बोट कापले तर

स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरावे व हात वर ठेवावा. तुटलेले बोट स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट थेट बर्फात किंवा पाण्यात टाकू नये. अशी शस्त्रक्रिया करणारे रुग्णालय जवळ कोणते, हे आजच विचारून भिंतीवर लिहून ठेवावे.

मालकांना चार शब्द

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात एक अंगठा गेला तर कमाईची शक्ती ३० टक्के, एका हाताची चार बोटे गेली तर ५० टक्के घटते, असे धरले होते. परंतु ज्याची सारी रोजी पटाशीवरच्या पकडीवर आहे, त्याचे नुकसान या आकड्यात मावत नाही. आपले बहुतेक कारखाने लहान आहेत. तपासनीस येऊन गार्ड पाहील याची वाट बघण्यात अर्थ नाही. अठरा वर्षांखालील शागिर्दाला या यंत्रावर उभे करू नये. नव्या कारागिराला उस्तादाने आधी बंद यंत्रावर सर्व दाखवावे, मग शेजारी उभे राहून काम करवून घ्यावे. आणि गार्ड खाली घेण्यात गेलेल्या त्या नऊ मिनिटांची मजुरी मालकाने आनंदाने द्यावी. कारखान्यात याहून स्वस्त विमा दुसरा नाही.