विरळणी

चारठाणा, जि. परभणी
12 जुलै

चि. बाळू यास,


परवा फोनवर तू आनंदानं सांगितलंस, की तीन महिन्यांत चाळीस हजार ओळींचा कोड झाला आणि निम्मा तर एआयनंच लिहून दिला. तुझा उत्साह पाहून तेव्हा काही बोललो नाही. पण फोन ठेवल्यापासून तेच डोक्यात घोळतंय. बोललो असतो तर रागावल्यासारखं वाटलं असतं, म्हणून लिहितो.

आबा रानात ज्वारी पेरायचे, ते तुला आठवत नसेल. तिफणीनं बी दाट पडायचं. उगवून पंधरा दिवस झाले, की विरळणी. खुरपणीत तण काढायचं असतं, त्यात हात अडखळत नाही. विरळणीत मात्र ज्वारीचीच रोपं उपटायची, हिरवीगार, निरोगी. मी दहा-बारा वर्षांचा असेन, मला ती उपटवायची नाहीत. आबा मागून येऊन उपटत. एकदा मी रुसलो आणि एक ओळ तशीच राहू दिली. आबांनीही राहू दिली. त्या ओळीची कणसं बोटाएवढी निघाली. आता रानात कपाशी असते, आणि तिचं बी इतकं महाग, की एका जागी एकच टोकतात. नव्या पोरांना विरळणी बघायलाच मिळत नाही.

तुला खुरपणी चांगली येते. चुका शोधतोस, सुधारतोस. मी म्हणतोय ती विरळणी: नीट चालणारा, टेस्ट पास होणारा, पण कुणाला नको असलेला कोड काढणं. तिथे हात थांबतो, कारण तो आपणच लिहिलेला असतो.

माझा हात थांबला, त्याचं काय झालं ते सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला एका पतसंस्थेचा व्याजाचा प्रोग्राम माझ्याकडे होता. एक खास ठेव योजना बंद झाली. तिचा कोड मी काढला नाही, ‘असू दे, लागला तर’ म्हणून ठेवला. काही वर्षांनी नव्या माणसानं नवी योजना सुरू करताना तोच जुना क्रमांक वापरला. त्याची चूक नव्हती, त्याला कोण सांगणार? जुना कोड जागा झाला आणि शेकडो पासबुकांत जुन्या दरानं व्याज पडलं. आठवडाभर आम्ही एकेक खातं हातानं तपासलं. म्हातारी माणसं खिडकीशी पासबुक घेऊन उभी राहायची, ते अजून डोळ्यांपुढे आहे.

पुढे 2012 साली अमेरिकेत हेच घडलं, तेव्हा मला धक्का बसला. नाइट कॅपिटल या शेअर दलाल कंपनीनं आठपैकी सात सर्व्हरवर नवा कोड चढवला, आठवा राहून गेला. 2003 पासून न वापरलेला एक प्रोग्राम त्यावर तसाच पडून होता, आणि नव्या कोडनं त्याचाच जुना फ्लॅग पुन्हा वापरात घेतला होता. 1 ऑगस्टला पाऊण तासात सुमारे 44 कोटी डॉलर गेले. नऊ वर्षं कुणाला त्रास न देता पडून असलेला कोड!

म्हणून ओळी मोजून आनंद मानू नकोस. 1982 मध्ये ॲपलमध्ये दर आठवड्याला किती ओळी लिहिल्या ते फॉर्मवर भरायला लावत. तिथल्या प्रोग्रामर बिल ॲटकिन्सननं चित्र काढण्याच्या कोडचा एक भाग नव्यानं बांधला. तो जवळपास सहापट वेगवान झाला आणि 2000 ओळींनी कमीही. त्यानं फॉर्मवर लिहिलं: उणे 2000. पुढे त्याच्याकडे फॉर्म मागणंच बंद झालं. 2014 मध्ये ओपनएसएसएल या सुरक्षेच्या लायब्ररीतलं हार्टब्लीडचं भगदाड उघडं पडल्यावर ओपनबीएसडीच्या मंडळींनी त्याची स्वतंत्र प्रत घेतली आणि पहिल्या आठवड्यातच 90,000 ओळी काढून टाकल्या. त्यावर चालणारं काम तरीही चालूच राहिलं.

आता लिहिणं स्वस्त झालंय, हे खरं. पण वाचणं स्वस्त झालेलं नाही. रात्री दोनला सिस्टीम बंद पडली, तर त्या चाळीस हजार ओळी तुलाच वाचायच्या आहेत. आणि तू नोकरी बदललीस, तर कुण्या दुसऱ्याच्या पोराला.

काढायला भिऊ नकोस, गिटमध्ये सगळा इतिहास राहतो. कमेंट करून ठेवलेला कोड मात्र ठेवू नकोस, तो ना जिवंत ना मेलेला. ‘पुढे लागेल’ म्हणून आज एकही ओळ लिहू नकोस. छोट्याशा कामासाठी लायब्ररी जोडण्याआधी दहा मिनिटं विचार कर. लेफ्टपॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज 2016 मध्ये लेखकानं काढून घेतलं, तर जगभरातले प्रकल्प अडले. टेस्टवर मात्र ही काटकसर करू नकोस. प्रत्येक स्मार्टफोनमध्ये असलेल्या एसक्यूलाइटचा मूळ कोड दीडेक लाख ओळींचा आहे, आणि त्याच्या टेस्ट त्याच्या शेकडो पट.

एक गोष्ट मात्र जपून कर. आपल्या गावच्या जुन्या मंदिरांत दगडावर दगड चुन्याशिवाय बसवलेत. कोणता कशाचा भार घेतो, ते बघितल्याशिवाय हात लावता येत नाही. समजला नाही तो कोड काढू नकोस. ज्यानं लिहिला त्याला आधी विचार, तो नसेल तर जुने कमिट वाच.

वहिनी म्हणतात, पोळ्याला तू नक्की येणार आहेस. लॅपटॉप घेऊन ये. त्या चाळीस हजारांतल्या किती ओळी तोवर काढल्यास, ते मला दाखव.

तुझा,
काका