भंडारदरा जलाशयाभोवती सायकलने : तयारी शरीराची आणि सायकलची

आपल्या वस्त्यांमध्ये सायकल नवी नाही. पेपर टाकायला, दूध पोहोचवायला, साईटवर कामाला जायला आपले आई-वडील सायकलच वापरत होते. पुढे मोटारसायकल आली, सायकल भिंतीला टेकली आणि साखर, रक्तदाब, गुडघेदुखी घराघरात शिरली. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाने आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा असे सांगते. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस सायकल चालवली की तो हिशेब पूर्ण होतो.

पण केवळ उपदेशाने कोणी सायकल बाहेर काढत नाही. समोर एखादे ठिकाण असले की पाय आपोआप चालतात. म्हणून या पाठात आम्ही एक ठिकाण घेतले आहे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील भंडारदरा जलाशयाची सायकल-फेरी. तीन महिन्यांची तयारी आणि एक दिवसाची सहल, असा हा अभ्यास आहे.

मार्ग कसा आहे?

प्रवरा नदीवरचे भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले. साठवण सुमारे ११ टीएमसी. धरणाशेजारचे गाव शेंडी. भोवताली सह्याद्रीची मोठी शिखरे आहेत. राज्यातील सर्वांत उंच कळसूबाई (१६४६ मीटर) इथून जवळच आहे, तर प्रवरेचा उगम रतनगडाच्या परिसरात होतो. घोटीहून शेंडी पस्तीसेक किलोमीटर. वाटेत कळसूबाईच्या पायथ्याचे बारी गाव लागते.

जलाशयाला वळसा घालणारा रस्ता शेंडी, मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत आणि पुन्हा शेंडी असा फिरतो. अंतर साधारण ४५ ते ५० किलोमीटर. हा रस्ता पाण्याच्या काठाने सपाट जात नाही. ओढे आणि टेकाडांना वळसे घेत चढतो, उतरतो. त्यामुळे शहरातल्या ५० किलोमीटरपेक्षा इथले ५० किलोमीटर अधिक दमवतात.

फेरी याच क्रमाने, म्हणजे आधी रतनवाडीकडे करावी. त्याची दोन कारणे. पहिले, या दिशेने जाताना पाणी उजव्या हाताला राहते आणि आपण रस्त्याच्या डाव्या बाजूला, म्हणजे डोंगराच्या अंगाला असतो. दुसरे, सकाळी पश्चिमेकडे आणि दुपारनंतर पूर्वेकडे जात असल्याने ऊन बहुतेक वेळ पाठीवर असते, डोळ्यांवर येत नाही. मात्र तेच ऊन समोरून येणाऱ्या वाहनचालकाच्या डोळ्यांत जाते. त्याला आपण दिसलो पाहिजे. म्हणून पिवळा, नारंगी किंवा पांढरा शर्ट घालावा, काळा-निळा नको.

काळ ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा बरा. पावसाळ्यात घाटघर-रतनवाडी भागात प्रचंड पाऊस आणि धुके असते, रस्ता निसरडा होतो. तेव्हा सायकल नेऊ नये.

तयारी : बारा आठवडे

पहिले चार आठवडे रोज अर्धा तास सपाट रस्त्यावर सायकल चालवा. वेग असा ठेवा की बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही. ही बोलण्याची कसोटी रक्तदाबाच्या रुग्णांना विशेष उपयोगी आहे. काही रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे श्रम केले तरी नाडी फारशी वाढत नाही. त्यामुळे नाडी मोजून श्रमाचा अंदाज फसतो, बोलण्यावरून फसत नाही.

पुढचे चार आठवडे रविवारी दीड ते दोन तासांची एक फेरी वाढवा. जवळ डोंगर नसेल तर उड्डाणपूल हाच आपला घाट. सकाळी रहदारी नसताना तो चार-पाच वेळा चढा-उतरा.

शेवटचे चार आठवडे रविवारची फेरी हळूहळू ३५-४० किलोमीटरपर्यंत न्या. सहलीच्या आधीच्या आठवड्यात मात्र श्रम कमी करा. थकलेले पाय घेऊन डोंगरात जाऊ नये.

सायकल कोणती?

महागडी सायकल लागत नाही. गिअरची असेल तर चढ सोपे जातात. बिनगिअरच्या सायकलवर उभा चढ आला तर उतरून ढकलत जावे, त्यात कमीपणा नाही. पण तीन गोष्टी तपासल्याशिवाय निघू नका.

सीटची उंची : सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवा. पॅडल सर्वांत खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा पॅडलवर ठेवला की गुडघा किंचित वाकतो, ही योग्य उंची. सीट खाली असली की गुडघ्याच्या पुढच्या भागावर ताण येतो. सायकलमुळे गुडघे दुखतात म्हणणाऱ्या पुष्कळांची सीट खाली असते.

ब्रेक : दोन्ही ब्रेकचे रबर पाहा, झिजले असतील तर बदला. लांब उतारावर ब्रेक सतत आवळून धरू नका, रिम तापते. थोडा दाबा, सोडा, पुन्हा दाबा; दोन्ही ब्रेक एकत्र वापरा आणि वळणाच्या आधीच वेग कमी करा.

टायर : हवा किती भरायची ते टायरच्या बाजूला छापलेले असते. पंप, पंक्चरचे सामान आणि जास्तीची ट्यूब गटात एकाकडे तरी असावी. आतल्या गावांत दुकान मिळेलच असे नाही, मोबाईललाही सगळीकडे रेंज नसते.

हेल्मेट सर्वांनी घालावे. साडी, ओढणी किंवा सैल पायजमा चेनमध्ये अडकतो. भगिनींनी सलवारची मोहरी रबराने बांधावी आणि ओढणी खोचून घ्यावी.

खाणे आणि पाणी

निघण्यापूर्वी पोहे किंवा चपाती-भाजी खावी. वाटेत दर पाऊण तासाने थोडे खावे : केळी, गूळ-शेंगदाणे, भाकरी-चटणी. तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट पाणी प्यावे. घाम फार गेला तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे घरचे पेय चालते. रक्तदाब, साखर किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर या पेयाबद्दल आधी डॉक्टरांना विचारावे. जलाशयाचे किंवा ओढ्याचे पाणी न उकळता पिऊ नये आणि अनोळखी पाण्यात पोहायला उतरू नये.

मधुमेह आणि हृदयविकार असणाऱ्यांसाठी

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर श्रमाने अचानक उतरू शकते. हातपाय थरथरणे, गार घाम, घाबरल्यासारखे वाटणे, डोके बधिर होणे ही लक्षणे दिसताच थांबावे आणि तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्यावी. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा तेवढीच घ्यावी, मग काही खावे. लांब फेरीनंतर त्या रात्रीही साखर उतरू शकते, म्हणून रात्रीचे जेवण चुकवू नये. डोस किती कमी करायचा हे डॉक्टरच ठरवतील. गोळी मनाने बंद करू नका.

छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, चक्कर, न थांबणारी धाप यांपैकी काही झाले तर ते थकव्यावर ढकलू नका. तिथेच थांबा, १०८ ला फोन लावा. चाळिशी ओलांडलेल्यांनी आणि आधीपासून आजार असलेल्यांनी तयारी सुरू करण्यापूर्वीच तपासणी करून घ्यावी.

गटाने जाण्याचे नियम

चार ते आठ जणांचा गट असावा. सर्वांत हळू चालवणाऱ्याचा वेग तोच गटाचा वेग. एकामागे एक चालवावे, आडवे जोडीने नाही. सर्वांत मागे अनुभवी माणूस असावा. निघताना घरी मार्ग आणि परतीची वेळ सांगून ठेवावी. सूर्य वर आला की लगेच निघावे, म्हणजे अंधारापूर्वी शेंडी गाठता येते. वाटेतल्या वाड्यांत आदिवासी बांधव राहतात. त्यांच्या घरांचे, बायका-मुलांचे फोटो न विचारता काढू नयेत, प्लास्टिक टाकू नये, आणि जेवण-चहा त्यांच्याकडेच विकत घ्यावा.

पूर्ण फेरी झेपणार नसेल तर शेंडी ते मुतखेल आणि परत, एवढेही पुरे. सहल एका दिवसाची आहे. शरीराला खरा लाभ होतो तो त्यासाठी केलेल्या बारा आठवड्यांच्या सकाळींचा. या रविवारी भिंतीला टेकलेली सायकल बाहेर काढा, हवा भरा, सीट मापाने वर घ्या आणि वस्तीला एक चक्कर मारून या. घरातल्या मुलीला सायकल येत नसेल तर तिलाही सोबत घ्या.