स्मृतिभ्रंशग्रस्तांची अखेरची शुश्रूषा : मूल्यमापनाचा प्रश्न

दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर ही केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची निवासी वसाहत आहे. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आणि सफदरजंग रुग्णालय तेथून जवळच आहेत. दिल्लीत १९५४ साली सुरू झालेल्या केंद्र सरकारी आरोग्य योजनेचा लाभ कर्मचाऱ्यांच्या अवलंबित आई-वडिलांनाही मिळतो. वैद्यकीय सोयींच्या दृष्टीने ही परिस्थिती अनुकूलच म्हणावी लागेल. तरीही स्मृतिभ्रंशाच्या अखेरच्या टप्प्यातील वृद्धाची गरज रुग्णालयाच्या सान्निध्याने भागत नाही. पती-पत्नी दोघेही नोकरीत, घर मर्यादित आणि निवृत्तीनंतर तेही सोडावयाचे, अशा वेळी कुटुंबाला निवासी शुश्रूषा केंद्राचा विचार करावा लागतो. तेथील सेवेचा दर्जा कोणत्या निकषांवर ठरवावा, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

समस्येचे स्वरूप

२०११ च्या जनगणनेनुसार देशात ६० वर्षांवरील नागरिकांची संख्या सुमारे १०.३८ कोटी होती. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी अंदाजानुसार या वयोगटातील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. प्रगत अवस्थेत रुग्ण आप्तांना ओळखत नाही, बोलणे जवळजवळ थांबते आणि गिळणेही कठीण होते. अमेरिकेत बोस्टन परिसरातील २२ शुश्रूषा केंद्रांतील ३२३ रुग्णांचा १८ महिने अभ्यास झाला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात निम्म्याहून अधिक रुग्णांचा मृत्यू नोंदवला गेला. न्यूमोनिया, ताप आणि अन्नग्रहणातील अडचणी या प्रमुख गुंतागुंती होत्या. आजाराचे मरणांतिक स्वरूप ज्यांच्या नातेवाईकांना ठाऊक होते, त्या रुग्णांवर अखेरच्या तीन महिन्यांत त्रासदायक उपचार होण्याचे प्रमाण बरेच कमी होते.

कायद्यातील पोकळी

भारतात ‘नर्सिंग होम’ म्हणजे सामान्यतः लहान खासगी रुग्णालय. महाराष्ट्रातील १९४९ चा आणि दिल्लीतील १९५३ चा नोंदणी कायदा प्रामुख्याने अशा संस्थांसाठी आहे. वृद्धांच्या दीर्घकालीन निवासाचा विचार आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ मध्ये आढळतो. त्याच्या कलम १९ नुसार प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रमाची तरतूद आहे. ज्येष्ठांच्या देखभाल केंद्रांची नोंदणी व किमान मानके सुचविणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. परंतु सतराव्या लोकसभेच्या विसर्जनाबरोबर ते व्यपगत झाले.

मोजावे काय?

आरोग्यसेवेच्या दर्जाचे रचना, प्रक्रिया आणि फलित असे तीन घटक अ‍ॅव्हेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये मांडले. खाटा, खोल्या, सेवकवर्ग ही रचना होय. तपासणीत तीच सर्वात सहज मोजली जाते. या रुग्णांबाबत मात्र आयुर्मानातील वाढ हे फलित मानता येत नाही. वेदनामुक्ती व स्वास्थ्य हेच फलित ठरते.

रुग्ण स्वतः सांगू शकत नसल्याने निरीक्षणावर आधारित मापनपट्टी वापरावी लागते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पेनॅड’ मापनपट्टीत श्वासोच्छ्वास, कण्हणे, चेहऱ्यावरील भाव, देहबोली आणि सांत्वनाला मिळणारा प्रतिसाद या पाच बाबींना प्रत्येकी ० ते २ असे एकूण १० गुण आहेत. गुण जितके अधिक, तितकी वेदना अधिक. जखमा, धाप, अस्वस्थता यांची वारंवारता, मृत्यूपूर्व सात दिवसांतील स्वास्थ्य आणि कुटुंबाचे समाधान यांसाठीही स्वतंत्र मापनपट्ट्या उपलब्ध आहेत.

प्रक्रियेचे उत्तम उदाहरण अन्नाचे आहे. प्रगत स्मृतिभ्रंशात नळीद्वारे अन्न देण्याऐवजी काळजीपूर्वक हाताने भरवावे, अशी शिफारस अमेरिकन जेरिअ‍ॅट्रिक्स सोसायटीने २०१४ मध्ये केली. अशा भरवण्यास वेळ व माणूस लागतो. म्हणून सेवकांचे रुग्णांशी प्रमाण हा निर्णायक निकष ठरतो.

निर्णय कोणाचा?

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील अरुणा शानबाग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये विशिष्ट अटींवर जीवरक्षक उपचार थांबविण्याचा मार्ग खुला केला. ‘कॉमन कॉज’ निकालाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा अधिकार अनुच्छेद २१ चा भाग मानून आगाऊ वैद्यकीय निर्देशाला मान्यता दिली. २०२३ मध्ये प्रक्रिया सुलभ झाली. दोन साक्षीदारांसमोर केलेला निर्देश नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करता येतो. निर्देश नसल्यास कुटुंबाची संमती व दोन वैद्यकीय मंडळांचे मत आवश्यक असते. निर्देश सुजाण अवस्थेतच द्यावा लागतो. त्यामुळे निदान होताच ही चर्चा झाली होती काय, हादेखील मूल्यमापनाचा निकष असावा.

धोरणाची दिशा

ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्वांना खुली झालेली आयुष्मान भारत योजनेतील तरतूद रुग्णालयीन उपचारांसाठी आहे. रुग्णालयातील खर्चाला आधार आणि शुश्रूषेचा भार कुटुंबावर, अशी विभागणी असल्यास आर्थिक प्रेरणा रुग्णाला रुग्णालयाकडेच ढकलते. राष्ट्रीय उपशामक सेवा कार्यक्रम (२०१२) आणि मॉर्फिनची उपलब्धता सुलभ करणारी अमली पदार्थ कायद्यातील २०१४ ची दुरुस्ती हा पाया उपलब्ध आहे. त्यावर निवासी केंद्रांची नोंदणी, वेदनेची नियमित नोंद आणि सेवकांचे प्रशिक्षण यांची उभारणी व्हावयास हवी. ज्या वेदनेची नोंद होत नाही, तिच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूदही होत नाही.