'गो' आणि 'वेन्ट'

'गो' या क्रियापदाचा भूतकाळ एका विद्यार्थ्याने 'गोड' असा सांगितला. वर्ग हसला आणि मी त्याला बाकावर उभे केले. ती शिक्षा अन्यायाची होती, हे पुढे व्युत्पत्ती पाहताना मला उमगले. बिचारा नियमानेच चालला होता.

वस्तुतः 'वेन्ट' हे रूप 'गो'चे नव्हेच. जुन्या इंग्रजीत 'वळणे' या अर्थाचे 'वेन्ड' असे निराळे क्रियापद होते. जसे 'सेन्ड'चे 'सेन्ट', तसे 'वेन्ड'चे 'वेन्ट'. 'गो'चा त्या काळचा भूतकाळ होता 'एओडे'. तो मागे पडत गेला आणि १५ व्या शतकाच्या सुमारास 'वेन्ट' त्याच्या जागी येऊन बसला. खुद्द 'वेन्ड' मात्र आता क्वचितच आढळते.

पण इंग्रजीला हसण्याचे आपल्याला कारण नाही. 'मी जातो' आणि 'मी गेलो' ही एकाच धातूची रूपे आहेत, असे कोण म्हणेल? 'जा' आले संस्कृत 'या' धातूपासून. 'गेला' आले 'गम्'च्या 'गत' या रूपावरून. आमच्या घरच्या उर्दूतही 'जाना', पण 'गया'. शेजारचे तीन वर्षांचे मूल 'बाबा जाला' म्हणते, तेव्हा सगळे कौतुकाने हसतात. त्याला कोणी बाकावर उभे करीत नाही.